अकरावा चहा

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू प्यायची असेल तर माणसाला दुकान शोधत फिरावं लागत नाही. कोणाच्या तरी मागच्या दाराशी जाऊन नुसतं खाकरलं तरी भागतं. हेमराजने पंचविशीपासून सत्तेचाळिशीपर्यंत आलापल्लीतलं एकही मागचं दार खाकरल्यावाचून सोडलं नव्हतं. मग एक दिवस सुटली, ती सुटलीच. थेंबाला शिवला नाही त्याला त्या रविवारी अकरा वर्षं पुरी होत होती. आणि त्याच रविवारी, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हा माणूस ओसरीवर बसून देवाकडे ताप मागत होता. ताप आला असता तर मिटिंगला जावं लागलं नसतं.

ही मिटिंग म्हणजे दारू सोडलेल्या माणसांची बैठक. अहेरीला एका शाळेच्या खोलीत दर रविवारी दुपारी तीनला भरते. पंधरा-वीस बाप्ये पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि एकेक जण उठून आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगतो. इथलं इथंच ठेवायचं, बाहेर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, हा पहिला नियम. ज्याचं न पिण्याचं वर्ष पुरं होतं त्याचा वाढदिवस करतात. केक नाही, फुगे नाहीत. ज्याने त्याला पहिल्यांदा धरून इथं आणलं, त्याने सगळ्यांसमोर आपल्या हाताने त्याला चहा द्यायचा, एवढंच. पण देणारा मधल्या काळात प्यालेला नसावा. तो प्याला असेल तर त्याच्या जागी दुसरा कोणी उठत नाही, आणि वाढदिवसवाला चहा न घेताच घरी जातो. आजवर असं दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा खोलीत कोणी कोणाकडे पाहिलं नव्हतं.

हेमराजला दहा वर्षं लहानूने चहा दिला होता. अकरावाही तोच देणार होता. आणि लहानूला तोंड कसं दाखवायचं, हे हेमराजला चार दिवसांपासून उमगत नव्हतं.

लहानू आलापल्लीच्या बाजारात हातठेला ओढतो. अकरा वर्षांपूर्वी, ऐन बाजाराच्या दिवशी, हेमराज मिरचीवाल्यांच्या मागच्या नालीत पडलेला होता. लाकडाच्या डेपोत सागाचे लठ्ठे मोजणारा, खाकी पँटीतला माणूस, आणि पँट ओली. शाळा सुटून पोरी त्याच वाटेने येत होत्या. त्यात त्याची दिव्यानी होती, तेव्हा आठवीत. तिने बाप पाहिला आणि मैत्रिणींना दुसऱ्या गल्लीने नेलं. हे हेमराजने अर्ध्या उघड्या डोळ्याने पाहिलं होतं. उठता मात्र आलं नाही.

लहानूने ठेल्यावरची पोती उतरवली, हेमराजला उचलून वर टाकलं आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत झाकलं. भर बाजारातून ठेला नेला. लोक विचारत, "काय नेऊन राह्यला रे, लहानू?" तो म्हणे, "कोनाचं सामान हाय, पोचवून देतो." त्या दिवशी हेमराजचं तोंड कोणालाही दिसलं नाही. पुढे एकवीस दिवस लहानू सकाळ-संध्याकाळ येऊन ओसरीवर बसला. हेमराजने त्याला शिव्या दिल्या, एकदा तांब्या फेकून मारला. लहानू तांब्या उचलून त्यात पाणी भरून आणी. चौथ्या रविवारी त्याने हेमराजला अहेरीच्या खोलीत नेऊन बसवलं. तेव्हा कळलं की हा ठेलेवाला स्वतः सात वर्षांपासून तिथं येतो.

हेमराजची बायको गिरजाबाई हिला सख्खा भाऊ नाही. त्या वर्षीपासून ती लहानूला राखी बांधते. देव जन्मात भाऊ द्यायला विसरला, तो त्याने नालीच्या वाटेने धाडला, असं ती म्हणायची, आणि हेमराज मान खाली घालून हसायचा.

आता बुधवारची गोष्ट.

बुधवारी दिव्यानीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. दिव्यानी आता नर्स आहे. मुलगा प्रणित राजुऱ्याचा, त्याचे वडील पत्रूजी कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. माणूस सरळ, पण बोलायला कडक. आल्या आल्या पाणी पिता पिता त्यांनी सांगून टाकलं, "आमच्या घरी दारूले कोनी शिवलं नाई. माह्या बापानं नाई, मी नाई, पोरानं नाई. पोरगी पाहाले निघालो तं हुंडा नाई विचारला, पैसा नाई विचारला. एवढंच पाह्यलं, का घर कसं हाय." सगळे माना डोलावत होते. हेमराजनेही डोलावली, आणि तिथूनच त्याची पाचावर धारण बसली.

खुर्च्या सकाळी लहानूनेच ठेल्यावरून आणून दिल्या होत्या. मग ठेला अंगणात सोडून तो घरी गेला, अंघोळ केली, पांढरा शर्ट घातला आणि पाव किलो चारोळी पुडीत बांधून पाहुणा म्हणून परत आला. गिरजाबाईने त्याला पुढच्या सतरंजीवर, मामाच्या जागी नेऊन बसवलं. आमच्याकडे मुलीच्या मामाला मुलाकडचे कुंकू लावतात, खांद्यावर नवा दुपट्टा टाकतात. नातं सगळ्यांसमोर सांगून मगच मान द्यायचा, अशी रीत.

पत्रूजी दुपट्टा घेऊन लहानूपुढे आले. त्याच्या हातांचे घट्टे पाहिले, फाटक्या टाचा पाहिल्या. मग हेमराजकडे वळून सहज म्हणाले, "हे पाहुने कोन? कोनत्या गावचे मामा? कशी ओळख?"

सहज विचारलं होतं. "माझ्या बायकोचा मानलेला भाऊ" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. मानलेला म्हणजे कसा, कधीपासून, कशामुळे, असे पुढचे दहा प्रश्न हेमराजला एकदम दिसले, आणि दहाव्याच्या टोकाला ती नाली दिसली. त्याच्या तोंडून निघालं, "काई नाई जी, ठेलेवाला होय. खुर्च्याचं सामान आणाले आला होता." एवढ्यावर थांबला असता तरी माफ होतं. तो पुढे म्हणाला, "लहानू, तू मांगच्या अंगाने जेवून घे."

पत्रूजींनी लहानूकडे पाहिलं. लहानू उठून उभा राहिला. "हो जी," म्हणाला, "ठेलेवालाच होय मी. चुकून बसलो." आणि सतरंजीची सुरकुती हाताने सारखी करून मागच्या बाजूला गेला. जेवला नाही. पत्रूजींच्या हातातला दुपट्टा तसाच राहिला होता. "मंग हा बी तुमीच घ्या," म्हणून त्यांनी तो हेमराजच्याच खांद्यावर टाकला. त्याला त्याचा एक आधी मिळालेला होता. पूर्ण कार्यक्रमभर हेमराज दोन दुपट्टे घालून फिरला आणि पाहुण्यांना जिलेबी वाढत राहिला.

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, ते दुसऱ्याबद्दल म्हणायला सोपं असतं. त्या दिवसापासून गिरजाबाईने नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, ते जमिनीवर ठेवायची आणि आत जायची. हेमराजने आपल्या मनाला एक सबब शिकवली होती: बाहेर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, हा मिटिंगचाच नियम; आपण तर नियम पाळला. बुधवारी ती सबब चांगली वाटली. गुरुवारी कमी. रविवारी सकाळपर्यंत ती पार विटली होती.

ताप काही आला नाही. दोन वाजता तो काळीपिवळी जीपच्या स्टँडवर गेला. दर रविवारी लहानू तिथं पानठेल्याच्या सावलीत उभा असतो आणि दोघं एका गाडीने अहेरीला जातात. आज सावलीत कोणी नव्हतं. हेमराजला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच शरम वाटली. गाडी नागेपल्लीच्या पुढे गेली तेव्हा तिसरीच गोष्ट मनात आली. लहानू प्याला तर नसेल?

खोलीत सगळे आले होते. म्हातारा कोलू, जो दर वाढदिवसाला चहा करतो, स्टोव्हला पंप मारत होता. तीन वाजले, सव्वातीन झाले. कोलूने दोनदा दाराकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं, आणि मग एकेक जण नखं बघू लागला. हेमराज पहिलीच्या बाकावर बसला होता. समोरच्या फळ्यावर कमळ, करवत, कप अशी चित्रं होती आणि तो ती पुन्हा पुन्हा वाचत होता.

लहानू आला. तोच पांढरा शर्ट. "गाडी चुकली," एवढंच म्हणाला. कोलूच्या हातून कप घेतला आणि हेमराजपुढे धरला.

हेमराजचा हात उठेना.

"घे ना," लहानू म्हणाला.

"मी हेमराज," तो उभा राहून म्हणाला. "मी दारुड्या आहो." हे त्याने अकरा वर्षांत पाचशेदा म्हटलं असेल आणि एकदाही ते इतकं सोपं वाटलं नव्हतं, कारण पुढचं फार अवघड होतं. त्याने सांगितलं. साक्षगंध सांगितलं, दुपट्टा सांगितला, "मांगच्या अंगाने जेवून घे" हे जसं म्हटलं होतं तसंच म्हणून दाखवलं. जिलेबीचंही सांगितलं. "मी मनात म्हणलो, मी नियम पाळला. गुप्तता राखली."

कोलू स्टोव्ह विझवता विझवता म्हणाला, "गुप्तता दुसऱ्याची राखाची असते, भाऊ. तू आपली राखली, अना त्याची मान कापली."

लहानूच्या हातात कप तसाच होता. तो म्हणाला, "मले बी सांगाचं हाय."

तो खाली बसला नाही. "बुधवारी याच्या घरून निघालो. ठेला घराकडे न्याचा, तं नीलाबाईच्या आवाराकडे नेला. अठरा वर्षात पह्यल्यांदा. खाकरलो बी. तिनं वळखलं नाई मले, इतके दिवस झाले. गिलास आणून ठेवला. मोहाची होती. मी उचलला."

बाहेर शाळेच्या पटांगणात कोणाची तरी शेळी ओरडत होती.

"उचलला, अना मनात आलं, रविवारी हेमराजचा अकरावा हाय. मी प्यालो तं याले चहा कोन देईल? हा तसाच घरी जाईल. याले वाटेल, आपल्यामुळं झालं. मंग हा बी पिईल. पोरीचं लग्न हाय." त्याने कप दुसऱ्या हातात घेतला. "गिलास ठेवला अना ठेला घेऊन घरी गेलो. पोराच्या शपथेनं नाई वाचलो, बावा, देवानं बी नाई वाचवलं. या चहानं वाचवलं. आता घे, थंडा होऊन राह्यला."

हेमराजने कप घेतला. कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. एक माणूस आपल्यामुळे मरणाच्या दारात गेला आणि आपल्यासाठीच परत आला, आणि वर आपल्या चहाने वाचलो म्हणतो आहे, याला काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. चहावर साय धरली होती. तो सायीसकट प्याला. रीत अशी की चहा पिऊन झाल्यावर वाढदिवसवाल्याने देणाऱ्याचे आभार मानायचे. हेमराजने रिकामा कप बाकावर ठेवला. "इथी नाई," तो म्हणाला. "ज्याच्यासमोर खोटं बोललो, त्याच्यासमोरच बोलीन."

परतीच्या गाडीत लहानू त्याची समजूत घालत होता. "येडा नोको होऊ. पत्रूजी कडक माणूस हाय. पोरीचं मोडलं तं? मले काई वाटत नाई, मी इसरलो."

"तू इसरला नाई," हेमराज म्हणाला. लहानूने बाहेर पाहिलं.

पण पोरीचं लग्न हे पोरीचं होतं, ते बापाच्या पश्चात्तापावर ओवाळून टाकायचं नव्हतं. एवढी अक्कल हेमराजला उरली होती. घरी येऊन त्याने दिव्यानीला ओसरीवर बोलावलं. "बाई, मी राजुऱ्याले जातो म्हणतो. इवायाले माह्या दारूचं सांगतो. तुझं मोडू शकते. तू नाई म्हणली तं नाई जात."

दिव्यानी ड्युटीवरून आलेली, अजून पांढऱ्या कोटात होती. ती म्हणाली, "प्रणितले मी पह्यल्याच भेटीत सांगतलं होतं, बाबा. नालीचं बी. लहानूमामाचं बी."

हेमराज ओसरीच्या खांबाला टेकला.

"तो म्हणे, माह्या बाबाले तुझे बाबाच सांगतील. आपण मधी नोको पडू." तिने कोटाचं बटण काढलं. "त्या दिवशी तुमी मामाले ठेलेवाला म्हणले तवा प्रणित तिथीच उभा होता. त्यानं माह्याकडे पाह्यलं. मले तुमच्या दारूची लाज नाई वाटली, बाबा. आठवीत वाटली होती, मंग गेली. त्या दिवशी वाटली."

आत गिरजाबाई तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला होता. जमिनीने पोटात घ्यावं असं माणसं उगीच म्हणत नाहीत. हेमराज उठला, पेटीतून तो दुसरा दुपट्टा काढला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

मंगळवारी सकाळच्या चंद्रपूर गाडीने दोघं निघाले. लहानू येत नव्हता. गिरजाबाईने "भाऊ, जा" म्हटलं तेव्हा आला. आष्टी गेलं, गोंडपिपरी गेली. बल्लारशाला उतरून ऑटोने नदी ओलांडून राजुऱ्याला पोचेपर्यंत दुपार झाली होती.

पत्रूजी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. अचानक व्याही दारात पाहून उठले. मागे लहानू दिसला तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. "या, बसा. हे... ठेलेवाले ना? काई सामान आणलं काय?"

"सामान मीच होतो जी," हेमराज म्हणाला.

तो बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने सांगितलं. बावीस वर्षं सांगितली, नाली सांगितली, ठेला सांगितला, फेकलेला तांब्या सांगितला. "हा माह्या बायकोचा भाऊ होय. दिव्यानीचा मामा होय. मी आज उभा आहो तं याच्यामुळं. अना तुमच्यासमोर मी याले मांगच्या अंगाने जेवाले पाठवलं. तुमी विचारलं होतं, हे कोन. मी खोटं बोललो." पिशवीतून दुपट्टा काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "हा माहा नव्हता. मले पुरा वेळ टोचत होता."

पत्रूजींनी पेपर खुर्चीवर ठेवला. मग त्यांनी लहानूला विचारलं, "खरं हाय हे?"

लहानूने मान हलवली नाही. "त्याचं त्यानं सांगतलं जी. माह्यं विचारा, सांगतो. अठरा वर्षं झाले मले."

"अना त्या दिवशी तुमी काऊन नाई बोलले?"

"त्याची पोरगी बसली होती ना जी."

पत्रूजींनी दुपट्टा उचलला. घडी उकलली, पुन्हा घातली, पुन्हा उकलली. मग हेमराजकडे न पाहता म्हणाले, "लग्नाचं मी प्रणितशी बोलीन, मंग सांगीन. पण मामाचा मान घरी नेऊन पेटीत ठेवत नसतात, इवाई." आणि आत हाक मारली, "कुंकू आणा."

घरच्या बाई करंडा घेऊन आल्या. पत्रूजींनी लहानूला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं, कपाळाला कुंकू लावलं आणि दुपट्टा त्याच्या खांद्यावर टाकला. लहानू सरळ उभा होता, आणि एकाएकी त्याचा चेहरा मोडला. त्याने दुपट्ट्याचा पदर ओढून तोंड झाकून घेतलं. खांदे हलू लागले. शेजारच्या अंगणातली माणसं वाकून पाहू लागली.

हेमराज पुढे झाला आणि त्यांच्या नि लहानूच्या मध्ये उभा राहिला.

"काय झालं?" पत्रूजींनी विचारलं.

"काई नाई जी," हेमराज म्हणाला. "माह्या साळ्याच्या डोळ्यात कुंकू गेलं."